बडोद्यात फिजिक्सला आलायस आणि प्रॅक्टिकलला, ज्यांच्याबद्दल सगळे बोलतात, तेच सर मिळालेत?

घाबरू नकोस, पण गाफीलही राहू नकोस. दांडिया बाजारातली आपली पोरं सरांना कुणी देवमाणूस म्हणतील, कुणी खडूस. दोन्ही खरंय.

सुरुवातीलाच लंबक देतील. एकच आंदोलन मोजून गुरुत्वत्वरण (g) काढलंस की संपलास. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक सहज होते. २ सेकंदांच्या आवर्तकालात (एका आंदोलनाच्या वेळात) ती १० टक्के, आणि सूत्रात काळाचा वर्ग, म्हणजे उत्तरात जवळपास २० टक्के! २० आंदोलनं मोजलीस तर उत्तरातली चूक १ टक्क्यावर येते. उत्तर पुस्तकातलं ९.८ आलं म्हणून सर खूश होत नाहीत, ‘किती इकडेतिकडे?’ असं विचारतात. सीनियरच्या जर्नलमधून आकडे उतरवू नकोस, लगेच ओळखतात. खरे आकडे इतक्या शहाण्यासारखे येत नाहीत.

नुसते मार्क हवे असतील तर दुसरी बॅच बघ, माझी ना नाही. पण शंका घेऊन संध्याकाळी गेलास तर सर चहासुद्धा विसरतात. फक्त आधी स्वतः झटापट करून जा, कोरी वही घेऊन नको.

आणि वेळेवर पोच रे बाबा. गाडी पंक्चर झाल्याचं कारण त्यांनी सगळ्यांकडून ऐकलंय.