गाणं लावल्याशिवाय सुचत नाही, हे व्यसन आहे का?

सोलापूरच्या पूर्व भागातला पंचविशीचा तरुण. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, रात्री कथा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दिवाळी अंकाला कथा पाठवायची मुदत सहा आठवड्यांवर आलेली आणि कथा चौथ्या पानावर अडकलेली. आई म्हणते, "कानातलं काढ, मग सुचंल." त्याचं उलट. "गाणी बंद केली की डोकंच बंद पडतंय बघा सर. ह्याला व्यसन म्हणायचं का?"

व्यसन नव्हे. लिहिणाऱ्या आणि अभ्यास करणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. पण गाणं उपयोगी पडतं की आड येतं, हे ते लिखाणाच्या कुठल्या टप्प्यावर लावलंय यावर ठरतं. आणि ते ऐकून पटत नाही, स्वतःच्या वहीत दिसावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही, वही दिली. बारा रात्री. रोज लिहायचं ते एवढंच: बसलो किती वाजता, पहिलं वाक्य उमटलं किती वाजता, कानात काय होतं, ओळी किती झाल्या. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा: कालच्यातल्या किती ओळी ठेवाव्याशा वाटतात? चार रात्री नेहमीची तेलुगू-हिंदी गाणी, चार रात्री नुसती बासरी किंवा सतार, चार रात्री काहीच नाही. तेही आलटूनपालटून, नाहीतर शांततेच्या सगळ्या रात्री सुट्टीला येतात आणि हिशेब चुकतो.

वहीत दोन गोष्टी उघड झाल्या. गाण्याच्या रात्री बसल्यापासून पहिल्या वाक्यापर्यंत अर्धा-पाऊण तास जात होता. तो गाणी निवडण्यात. मध्ये जाहिरात आली की हात फोनवर, नकोसं गाणं लागलं की पुन्हा फोनवर. ही चालढकल असते, पण करणाऱ्याला ती तयारी वाटते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाण्याच्या रात्री ओळी सर्वात जास्त व्हायच्या आणि सकाळी सर्वात कमी उरायच्या. एक पान आम्ही दोघांनी मिळून वाचलं. बायको गेलेला म्हातारा विणकर पहिल्यांदाच एकटा मागावर उभा राहतो, असा प्रसंग. लिहिताना याचे डोळे भरून आले होते. कागदावर मात्र 'त्याला खूप एकटं वाटत होतं' हे वाक्य थोड्याफार फरकानं तीनदा. आडवा धागा नेणारा धोटा नाही, त्यातली संपत आलेली सुताची कांडी नाही, कांड्या भरून द्यायला बसणाऱ्या बायकोची रिकामी जागा नाही. त्या रात्रीचं दुःख गायकाच्या गळ्यात होतं. लिहिणाऱ्याला वाटलं, ते आपल्या वाक्यात उतरलंय. वाचकाच्या कानात ते गाणं नसतं.

गाणं लावून लिहिण्यातला खरा धोका हा आहे. लक्ष विचलित होतं, ही तक्रार त्यामानाने सोपी आणि तिचं कारणही ठाऊक आहे. वाक्य जुळवताना आपण ते मनातल्या मनात बोलत असतो आणि काही क्षण शब्द तसेच धरून ठेवतो. कानावर पडणारे शब्द नेमके तिथेच शिरतात. भाषा कळत नसली तरीही. 1976 सालच्या एका प्रयोगात जर्मन न येणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवला, तरी अक्षरं क्रमानं लक्षात ठेवताना त्यांच्या चुका वाढल्या. 'तेलुगू गाणी लावून मराठी लिहितो, मग काय बिघडतं?' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. शिवाय तेलुगू ही याची घरची भाषा.

त्याची शंका रास्त होती: "मागाच्या खटखटीत माझी दहावी झाली की. तेव्हा कसं जमलं?" जमलं, कारण ती खटखट एकसारखी असते. सारख्याच ठेक्याचा आवाज मन हळूहळू मागे टाकतं. चढउतार करणारा, मध्येच बदलणारा आवाज तसा टाकता येत नाही. (शेडमधला मोठा आवाज कानाला घातक असतो, तो प्रश्न वेगळा.)

मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकलं की बुद्धी तल्लख होते, हा दावा या विषयात हमखास निघतो. तो ज्यावरून आला त्या 1993 च्या प्रयोगात 36 विद्यार्थी होते. दहा मिनिटं संगीत ऐकल्यावर आकृत्यांची कोडी त्यांना थोडी बरी सुटली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. लिखाणाशी त्याचा संबंध नव्हता. 2017 च्या एका अभ्यासात आनंदी संगीत ऐकणाऱ्यांना कल्पना जास्त सुचल्या, पण एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांत फायदा दिसला नाही. 2019 मध्ये शब्दांच्या कोड्यांवर प्रयोग झाला. त्यात ओळखीचं गाणं, परक्या भाषेतलं गाणं आणि नुसतं वाद्यसंगीत, तिन्हींनी कामगिरी खालावली. वाचनालयातल्या हलक्या आवाजानं ती खालावली नाही.

यावरून त्याचा रात्रीचा क्रम असा बसवला. आधी दहा-बारा मिनिटं आवडीचं गाणं, पेन न उचलता. हेडफोन न लावता, खोलीत फिरत. गाणी तीनच, आठवडाभर तीच, आधीच फोनवर डाउनलोड करून ठेवलेली, म्हणजे जाहिरात नाही आणि निवडही नाही. तीच गाणी रोज वाजली की मनाला 'आता लिहायचं' ही खूण पटते. मग वीस मिनिटं कच्चे मुद्दे: पात्राच्या हातात काय आहे, वास कसला येतोय, कोण गप्प आहे. इथे वाद्यसंगीत चालेल, पण विलंबित आलाप. द्रुत लय किंवा जुगलबंदी नको, ती कान ओढून नेते. वाक्यं लिहायला घेतली की सगळं बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत. शेवटी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. वाक्याची लय गाण्याखाली कधीच ऐकू येत नाही.

पहिल्या तीन रात्री शांतता त्याला बोचली. ते व्हायचंच. त्याला मोबाइलवरचा तानपुरा मंद आवाजात लावायला सांगितलं: शब्द नाहीत, चाल नाही, एकसारखा सूर. शेजारच्या टीव्हीचे संवादही त्यात थोडे झाकले जातात. आवाज इतकाच की खोलीतलं कुणी हाक मारली तर ऐकू यावी.

पाचव्या आठवड्यात विणकराचं ते पान त्याने नव्यानं लिहून आणलं. आता म्हातारा धोट्यातली रिकामी कांडी काढतो, सवयीनं मागे हात करतो आणि हात तसाच राहतो. 'एकटं' हा शब्द पानावर कुठेच नव्हता.

काहींच्या बाबतीत अडचण लिखाणाची नसतेच. गाणी बंद केली की काळजीचे विचार अंगावर येतात, झोप उडते, छातीत धडधडतं, म्हणून कानात सतत काहीतरी हवं असतं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तानपुरा आणि वही पुरेशी नाही. समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा आणि सुरुवात 'शांततेची भीती वाटते' इथूनच करा.