तिजोरीत एक चप्पल

प्रश्न : मी आणि आमचे हे मे महिन्यात ग्रुप टूरनं युरोपला जाऊन राहिलो, दोघंही पहिल्यांदाच. लंडन, पॅरिस, मग स्वित्झर्लंड, जर्मनी आणि शेवटी रोम. मुलगा म्हणतो आई, रूममध्ये लॉकर असते, त्यात सगळं टाकायचं आणि बिनधास्त फिरायचं. सून म्हणते त्या लॉकरचा काही भरोसा नाही, सगळं अंगावर ठेवा. आणि हे म्हणतात पासपोर्ट सरळ टूरवाल्याच्या हातात देऊन टाकू. माझं मंगळसूत्र, चार बांगड्या, दोन पासपोर्ट, थोडे पाउंड, थोडे युरो. नेमकं काय कुठं ठेवावं?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, तुमच्या घरातले तिघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. पण पहिले सोन्याचं बोलून घेऊ, कारण ते सोपं आहे. बांगड्या नेऊ नका. मंगळसूत्रही नेऊ नका, हे मी टूर मॅनेजर म्हणून २२ वर्षं प्रत्येक ग्रुपला सांगत आलो आणि २२ वर्षं कोणी ऐकलं नाही, तरी सांगतो. आपल्या नागपूरच्या इतवारीत एक ग्रॅमवालं असं मिळते की तुमच्या जाऊबाईलाही ओळखू येणार नाही, ते घाला, फोटोत तेवढंच चमकते.

काहून म्हणाल तर ऐका. हॉटेलात चोरी झाली की हॉटेल भरून देईल असं आपण धरून चालतो, तसं नसते बावा. इंग्लंडात १९५६ चा हॉटेलमालकांचा कायदा आहे, त्यात एका वस्तूमागे ५० पाउंड आणि एका पाहुण्यामागे सगळे मिळून १०० पाउंड एवढीच जबाबदारी. तेव्हा ती रक्कम मोठी असेल, आज लंडनात त्यात तुमचं दोघांचं एक धड जेवण होते. तशी पाटी रिसेप्शनजवळ लावलेली असते, कोणी वाचत नाही. जर्मनीत खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या १०० पट असा हिशोब आहे, पण रोकड न् दागिने म्हटले की ८०० युरोच्या वर नाही, आणि आजच्या भावात ८०० युरोत एक तोळाही येत नाही. हसू नका, आपल्या बँकेच्या लॉकरलाही रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून असंच माप लावलंय, चोरी झाली किंवा कर्मचाऱ्यानं लबाडी केली तर वर्षाच्या भाड्याच्या १०० पट.

मात्र इंग्लंड न् जर्मनी दोन्हीकडे एक पळवाट आपल्या बाजूनं आहे. वस्तू सांभाळायला म्हणून रिसेप्शनवर सुपूर्द केली आणि त्यांनी घेतली तर ही मर्यादा गळून पडते. म्हणजे खरंच काही मौल्यवान न्यायचंच असेल तर रूममधल्या डब्यात नाही, खाली काउंटरवर द्या, त्यांच्यासमोर पाकिटात घालून चिकटवा, पावती घ्या, आणि ती पावती त्याच पाकिटात ठेवू नका. (हे एकानं केलं होतं.) शिवाय खरं सोनं नेणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना हे इथूनच नेलं होतं हे कशावरून, असा प्रश्न आला की उत्तर नसते.

आता मुलाचं लॉकर. बँकॉकमध्ये एकदा मीच माझा कोड विसरलो. रात्री साडेअकराला खालून एक पोरगा आला, वीस-बावीस वर्षांचा असेल. त्यानं तिजोरीच्या दारावरची कंपनीच्या नावाची पट्टी नखानं बाजूला सरकवली, मागं किल्लीचं भोक. खिशातून किल्ली काढली, घुमवली, झालं. मी पाण्याची बाटली उघडून पहिला घोट घेईपर्यंत दार उघडं. ना मला ओळखपत्र विचारलं ना सही घेतली. त्या दिवसापासून मला कळलं की ही तिजोरी माझी नाही, हॉटेलची आहे, आणि ते बरोबरही आहे कारण माझ्यासारखे विसरभोळे रोज असतात. किल्ली नसली तर मास्टर कोड असतो, आणि काही ठिकाणी तो कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असतो. म्हणून रूममध्ये गेल्या गेल्या एक काम करा. तिजोरी रिकामी असताना तुमचा कोड टाकून बंद करा आणि मग सहा वेळा शून्य, सहा वेळा नऊ, १२३४५६ असे दोन-तीन आकडे मारून पाहा. उघडली तर त्या तिजोरीला रामराम. जास्त वेळा चुकवू नका, मशीन काही मिनिटं रुसून बसते. दुसरं, दोन्ही हातांनी धरून हलवा. फळीला बोल्टनं पक्की नसेल तर चोराला कोडची गरजच नाही, तो डब्बाच काखेत मारून नेईल.

मग काय उपयोग तिचा? आहे ना. टेबलावर पडलेलं पाकीट पाहून ज्याला मोह होईल त्याच्यासाठी ती पुरते. साफसफाई चालू असताना दार उघडं असते, तेवढ्यात बाहेरचा कोणी ही माझीच रूम आहे म्हणत आत शिरतो आणि दोन मिनिटांत हाताला लागेल ते उचलतो, त्याच्यासाठीही पुरते. म्हणून पासपोर्ट-फोटोंचा दुसरा संच, जास्तीचे युरो, एक कार्ड एवढं तिच्यात ठेवायला हरकत नाही.

साफसफाईवाल्यांवर मात्र पहिला संशय घेऊ नका, हात जोडून सांगतो. ल्युसर्नला आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंचे ४०० युरो गेले. काकू रडून राहिल्या, काका ओरडून राहिले, हाउसकीपिंगची बाई दारात टॉवेलांची चळत छातीशी धरून उभी, तिला भाषा कळत नव्हती पण काय चाललंय ते कळत होतं. मॅनेजर आला, पोलिसांना बोलवायचं ठरलं. रात्री बसमध्ये खाऊ वाटायला चिवड्याचा डब्बा उघडला तर चिवड्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ४०० युरो, हळदीनं पिवळे झालेले. काकूंनीच लपवले होते. दुसऱ्या दिवशी मी एकटा त्या बाईला शोधून सॉरी म्हणून आलो, काकू नाही आल्या. तेव्हा लपवायचंच असेल तर दोघांनाही माहीत असलेल्या एकाच जागी लपवा.

माझ्या ग्रुपांमध्ये तिजोरीतून चोरी झाली असं एकदाही झालं नाही, पण तिजोरीत विसरून राहिलं असं दर वर्षी व्हायचं. पहाटे पाचला वेकअप कॉल, सहाला बस, कोणाला आठवते? बस तासभर पुढं गेल्यावर मागच्या सीटवरून आवाज येते, अहो, पासपोर्ट! म्हणून आमच्या ग्रुपचा नियम होता, तिजोरीत काही ठेवलं की उद्या घालायच्या जोडीतली एक चप्पल पण आत टाकायची. एका पायानं कोणी बसमध्ये चढत नाही.

पासपोर्टचं सांगतो. टूरवाल्याजवळ ठेवायला देऊ नका. मी स्वतः ते काम केलंय म्हणून सांगून राहिलो, ३८ पासपोर्ट एका पिशवीत घेऊन फिरणाऱ्या माणसाला झोप लागत नाही, आणि ती पिशवी गेली की ३८ जण एकदम अडकले. चेक-इनला हॉटेल मागते ते द्यावंच लागते, इटलीत तर पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवायचा नियमच आहे, पण नोंद झाली की तिथल्या तिथं परत मागून घ्या. सकाळी घेऊन जा म्हणाले तरी गोड बोलून थांबा. ज्या दिवशी बॉर्डर पार करायची त्या दिवशी पासपोर्ट अंगावर, कपड्याच्या आत चपटा पाउच मिळते त्यात. आणि तुमचा यांच्याजवळ, यांचा तुमच्याजवळ असं नाही, आपापला. झेरॉक्स मात्र अदलाबदल करा, तुमची यांच्या बॅगेत, यांची तुमच्या. सोबत दोन-दोन फोटो. फोनमध्ये स्कॅन आणि एक प्रत मुलाच्या ईमेलवर.

कारण गेलाच तर पहिले जवळच्या पोलिस स्टेशनात तक्रार, मग भारतीय दूतावास. घाई असेल तर तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते, पण ते फक्त भारतात परत यायला, एकदाच. त्यावर पुढचा देश नाही की पुढचं शहर नाही, कारण शेंगेन व्हिसाही, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्या पासपोर्टासोबतच गेला. पॅरिसमध्ये हरवला तर स्वित्झर्लंडचा बर्फ राहिला. म्हणून मी म्हणतो पैसे गेले तरी चालतील, पुस्तिका जाऊ देऊ नका.

रोकड दोघांत वाटून घ्या, आणि रोकड कमीच न्या, नोटा एका माणसाला एका फेरीत ३००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात म्हणून नेल्याच पाहिजेत असं नाही. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड, घेताना जादा कार्ड मागून घ्या आणि ते वेगळ्या बॅगेत ठेवा. बँकेचं कार्ड ॲपमधून बंद-चालू करता येते, परदेशातला व्यवहार लागेल तेव्हाच चालू करा.

आणि सुनेला सांगा, अंगावर ठेवायचं बरोबर आहे, पण हॉटेलात सगळ्यात जास्त चोऱ्या मी ज्या पाह्यल्या त्या रूममध्ये नाही, खाली नाश्त्याच्या हॉलमध्ये. आपल्याला एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय. तिथं बायका खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरतात आणि प्लेट घेऊन ऑम्लेटच्या लाइनीत उभ्या राहतात. चांगल्या कपड्यातला एक माणूस येते, कॉफी घेते, जाताना पर्सही घेते. पाहुणा कोण, बाहेरचा कोण, सकाळी आठच्या गर्दीत कोणाला कळते? चेक-आउटला लॉबीत ४० बॅगांचा ढीग लागतो तेव्हाही तेच. जागा धरायची तर स्वेटर ठेवा.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये एकटाच व्हिएतनामला चाललोय, सगळीकडे होस्टेलच्या डॉर्ममध्ये राहणार, आठ जणांची खोली. लॅपटॉप न्यावाच लागेल कारण काम चालू राहील. बॅगेला नंबरलॉक आहे, तेवढं पुरेल का?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : नाही पुरणार. घरी एक प्रयोग कर. चेनची बॅग घे, लॉक लाव, आणि साध्या बॉलपेनचं टोक चेनच्या दातांमध्ये खुपस. चेन मधोमध उकलते. आतलं काढून घ्यायचं आणि लॉक लावलेले दोन्ही हूक तसेच एकत्र धरून चेनीवरून एकदा इकडून तिकडं ओढायचे, चेन परत शिवल्यासारखी बंद. बॅगेच्याच पोटावरून आवळायचा पट्टा असेल तर हे कठीण जाते, बाकी लॉक म्हणजे नुसती शोभा. त्यातही ज्या लॉकवर लाल हिरा छापलेला असते ते अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीसाठी मास्टर किल्लीनं उघडते, आणि त्या किल्ल्यांचे फोटो २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आले, पुढच्या वर्षी लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर काढल्याही.

होस्टेल बुक करताना लॉकर आहे का एवढंच पाहू नको, लॉकरमध्ये लॅपटॉपची बॅग मावते का आणि कुलूप कोणाचं ते रिव्ह्यूमध्ये शोध. बहुतेक ठिकाणी कुलूप आपलं लागते. सीताबर्डीत चांगलं पितळी कुलूप घेऊन जा, पण कडी फार जाड नको, लॉकरच्या भोकात गेली पाहिजे. ही चूक मी केली आणि हनोईत रात्रभर लॅपटॉप उशीखाली घेऊन झोपलो, सकाळी मान वळेना. फोन चार्जिंगला लावून आंघोळीला जायचं नाही, पॉवर बँक ठेव आणि ती विमानात हँडबॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. आणि लॅपटॉपमधलं काम निघण्याआधी क्लाउडवर टाक, मशीन परत घेता येते.

प्रश्न : दुबईत हॉटेलात असताना रात्री एक वाजता रूमच्या फोनवर रिसेप्शनमधून फोन आला की तुमचं कार्ड सिस्टीममध्ये दिसत नाहीये, नंबर आणि मागचे तीन आकडे सांगा. मी झोपेत होतो, सांगणारच होतो, तेवढ्यात फोन कटला. ते खरं रिसेप्शन होतं का?
– एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : नव्हतं. बाहेरून हॉटेलच्या नंबरवर फोन करून अमुक रूमला जोडा म्हटलं की ऑपरेटर जोडून देते, पुढं बोलणारा स्वतःला रिसेप्शन म्हणवते. वेळ मुद्दाम रात्रीची. पुढच्या वेळी असं झालं तर येतो खाली म्हणायचं आणि फोन ठेवायचा, बस. रूम नंबर ज्या कागदी पाकिटावर लिहून देतात ते पाकीट रूममध्येच टाकून नुसतं दार उघडायचं कार्ड खिशात घेऊन फिरा, हरवलं तरी कोणत्या रूमचं ते सापडणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : पोरगी जपानला चालली, भाड्याच्या घरात राहणार. पासपोर्ट घरात कुलपात ठेवून झेरॉक्स घेऊन फिरली तर चालेल ना?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : जपानमध्ये नाही चालणार. तिथं पर्यटकानं मूळ पासपोर्ट सोबत बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे, नसला तर १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पाउचमध्ये अंगावरच ठेवू द्या. भाड्याच्या घराचं म्हणाल तर दाराचा कोड आधीच्या पाहुण्यालाही माहीत असू शकते, आमच्या मुक्कामासाठी बदलला का हे मालकाला मेसेज करून विचारायला सांगा, लाजायचं काय त्यात. एअरबीएनबीवरून घेतलं असेल तर घराच्या आत कॅमेरा लावायला ३० एप्रिल २०२४ पासून बंदी आहे, दिसला तर फोटो काढून तक्रार करता येते. आणि काही हरवलंच तर कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, कोबान म्हणतात तिला, लगेच जायचं. तिथं लोक सापडलेली छत्रीसुद्धा नेऊन देतात.