‘माहिती प्रणाली’तली प्रणाली

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ‘असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्स’ ही प्राध्यापकांची संस्था कशी उभी राहिली, यावर त्यांना मराठीत टिपण लिहायचंय. नावात ‘माहिती तंत्रज्ञान’ चालेल का? ‘प्रणाली’ त्यांना हिंदीतून उचलल्यासारखी वाटते. आणि संस्थेतल्या युरोप, आशिया यांच्या गटांना ‘प्रादेशिक शाखा’ म्हणावं का?

ताई, प्रणाली आपल्या छपराखालचीच आहे. संस्कृतात प्रणाल, प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट. त्याच प्रणालाची मराठीत ‘पन्हळ’ झाली. बेळगावच्या खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पन्हळ सांगावी लागत नाही. कौलांवरचं पाणी ती गोळा करते आणि हवं तिथे नेऊन सोडते. माहितीचंही तेच.

‘तंत्रज्ञान’ इथे तोकडं पडतं. साखर कारखान्याचा ऊसकाटा घ्या. वजन दाखवणारा संगणक हे तंत्रज्ञान. पण तोडणीची पाळी, काट्याची पावती, कारकुनाची नोंद, बँकेत जमा होणारं बिल, आणि पावती जपून ठेवणारा शेतकरी, हे सगळं मिळून प्रणाली. या संस्थेतले प्राध्यापक अभ्यासतात ते हेच: यंत्र, माणसं आणि कामाची रीत एकत्र.

‘माहिती’ अरबी वळणाचा शब्द, आणि आपल्याकडच्या कन्नड पाट्यांवरही तोच दिसतो: ‘माहिती हक्कु’. कन्नडात सिस्टिमला ‘व्यवस्थे’ म्हणतात, म्हणून आपल्या भागात ‘माहिती व्यवस्था’ सहज तोंडी येतं. मला ते पटत नाही. मराठीत व्यवस्था म्हटली की आधी जेवणाखाणाची, राहण्याची सोय आठवते.

‘शाखा’ मात्र नकोच. शाखा खोडातून फुटते. इथे क्रम उलटा आहे. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८० साली फिलाडेल्फियात भरली. १९९३ मध्ये युरोपची परिषद इंग्लंडात हेन्लीला आणि आशिया-पॅसिफिकची तैवानात काओशुंगला सुरू झाली. संस्था स्थापन झाली त्यानंतर, १९९४ साली. अमेरिका खंडांची परिषद १९९५ची. म्हणजे दोन प्रदेश आपापले आधीच जमत होते. म्हणून ‘विभाग’ लिहा. संस्थेचं अध्यक्षपद तीन विभागांत पाळीपाळीने फिरतं, तेही या शब्दात नीट बसतं.