सरकारने सर्वांना आरोग्यविमा द्यावा, असे काही मालकांनाही का वाटते?

सरकारी विम्यामुळे कर वाढण्याची शक्यता असताना काही मालकच त्याची मागणी का करतात, असे आपण विचारले आहे. वेंगुर्ल्याजवळ माझा काजूचा लहान कारखाना आहे आणि मी या मागणीच्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे आठ माणसे आहेत. त्यांतल्या सहा बायका बी कापतात आणि गर सोलतात. कर्मचारी राज्य विमा योजना किमान दहा कामगार असतील तरच बंधनकारक असते, म्हणून आम्ही तिच्या बाहेर आहोत. तिथे मालकाने वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे असतात; आधीच ठाऊक असलेला हा खर्च मला जड गेला नसता. खासगी गटविम्याची चौकशी केली, तेव्हा मात्र कोणाचे वय किती, कोणाला मधुमेह आहे, कोणाचे ऑपरेशन झाले आहे, हे सारे मला त्या बायकांना विचारावे लागले. हजार माणसांच्या कंपनीत एकाचे आजारपण हप्त्यात विरून जाते, पण आठ जणांत ते सगळ्यांच्या अंगावर येते. मग गर न मोडता सोलणारी, वीस वर्षे हात बसलेली बाईच कामावर ठेवायला महाग ठरते, आणि असा हिशेब करण्याची वेळ कोणत्याही मालकावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

विमा नसला की मालकाचे पैसे वाचतात, असेही नाही. सोलणीतल्या एका बाईच्या नवऱ्याला रात्री गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. गाडीभाडे, तपासण्या आणि बाहेरची औषधे यांपायी तिच्या नावावर माझ्या वहीत 4,000, 6,000 आणि 2,500 अशा तीन उचली आहेत. दर शनिवारी 300 रुपये वळते करत ती रक्कम फिटेपर्यंत पुढचा हंगाम आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ते मोलाचे आहे, पण ते योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात, ठरावीक उपचारांसाठी मिळते. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही.

कराचे म्हणाल, तर प्राप्तिकर नफ्यावर असतो. मोहोर करपला किंवा बी महागली, तर त्या वर्षी तो कमी होतो. खासगी विम्याचा हप्ता काही कमी होत नाही.

मोठ्या कंपन्यांचेही गणित फारसे निराळे नाही. 2002 मध्ये कॅनडातील फोर्ड, जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर यांनी कामगार संघटनेबरोबर संयुक्त पत्रे काढून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला पाठिंबा दिला, कारण तिच्यामुळे कामगारामागचा खर्च अमेरिकेपेक्षा कमी पडत होता. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पगारवाढीवर बंधने आली, तेव्हा माणसे मिळवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या आणि तो नोकरीलाच चिकटला. विमा जाईल या भीतीने माणूस टिकतो, हे काही मालकांना सोयीचे वाटते. मला मात्र अशा भीतीने थांबलेला कामगार नको आहे.

यंदा आणखी दोघांना घेतले, तर आम्ही दहा होऊ आणि कर्मचारी विम्यासाठी अर्ज करू. आमच्या शेजारच्या कारखान्यात पाचच बायका आहेत.