मिश्रणांचे प्रकार कोणते आणि ती वेगळी कशी करतात?

समांगी (सगळीकडे एकसारखं) आणि विषमांगी (जागोजागी वेगळं) तुम्ही पाठ केलंच असणार, ते परत लिहीत बसत नाही. मिश्रण खरंच समजून घ्यायचं असेल तर हिवाळ्यात आमच्या निपाणी-चिकोडी भागातल्या एखाद्या गुऱ्हाळावर या, एकाच काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) निलंबन, द्रावण आणि कलिल हे तिन्ही प्रकार बघायला मिळतात.

घाण्यातून आलेला रस गढूळ असतो. त्यातला चिपाडाचा भुसा, माती हे निलंबन, कापडानं गाळलं की गेलं. साखर विरघळलेली, ते द्रावण. आणि प्रथिनं, डिंकासारखे पदार्थ, मेण हे कलिल, साधारण 1 ते 1000 नॅनोमीटरचे कण, कापडातून आरपार जातात आणि तळाशीही बसत नाहीत. खरी झटापट यांच्याशीच. आमचा गुळव्या (गूळ शिजवणारा) रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळायचा, तो बुळबुळीत रस काहिलीत ओतला आणि खालनं जाळ वाढवला की ते कण एकमेकांना धरून काळपट हिरवी मळी होऊन वर यायचे, आणि तो झाऱ्यानं ती कडेला ओढून काढत राहायचा, खालचा रस नितळ होईपर्यंत. मग नुसतं पाणी आटवायचं, 118 अंश सेल्सियसच्या आसपास गूळ उतरवतात.

धाकट्या काकांचं आणि माझं वाजलं ते इथंच. अडत्याला पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून ते भेंडीला फाटा देऊन हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर) टाकायचे. मी तेव्हा बीएस्सीला. म्हटलं, काका, यानं काहीच वेगळं होत नाही, सोडियम हायड्रोसल्फाइट रंग तेवढा उडवतं, घाण आतच राहते आणि वर गंधकाची भर. तर म्हणाले, "गूळ तू विकतोस काय? मला काय शिकवूलालास?" तोच गूळ घरात ठेवला की काही महिन्यांत परत काळवंडायचा. रंग घालवणं म्हणजे शुद्ध करणं नव्हे, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगतो.

बाकी पद्धती सरळ आहेत. घटकांचा कुठला गुणधर्म वेगळा आहे ते आधी बघा. कणांचा आकार वेगळा असेल तर गाळा, घनता वेगळी असेल तर सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात गरगर फिरवणारं यंत्र (दुधातली मलई अशीच काढतात), तेल-पाण्याला विलगकारी नरसाळं (तोटी उघडून खालचा थर काढून घ्यायचा), शाईतल्या रंगांना क्रोमॅटोग्राफी (कागदावर पाणी चढताना रंग वेगवेगळ्या अंतरावर थांबतात), उत्कलनांक वेगळे असतील तर ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ थंड करून परत द्रव करणं. फक्त अल्कोहोल-पाणी साध्या हवेच्या दाबाला कितीही वेळा ऊर्ध्वपातित केलं तरी वजनानं 95.6 टक्क्यांच्या पुढं जात नाही, परीक्षेत हे हमखास विचारतात. आणि हो, भेंडीनंही सगळंच कलिल निघत नाही, आणि रसातली रंगद्रव्यं, आटवताना आलेला रंगही गुळातच राहतो, म्हणून गूळ साखरेसारखा पांढरा होत नाही, तो व्हायलाही नको.