वाचकांचे प्रश्न : जेरुसलेम १०९९, मृतांचा कोणता आकडा धरायचा?

प्रश्न : राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यास मंडळात क्रुसेडच्या (पवित्र भूमीसाठी युरोपातल्या ख्रिस्ती सैन्यांनी केलेल्या मोहिमांच्या) दोन्ही बाजू तक्त्यावर मांडायच्या आहेत. १५ जुलै १०९९ला जेरुसलेम पहिल्या क्रुसेडच्या सैन्याने जिंकलं, तेव्हाच्या मृतांचे ३,०००, १०,००० आणि ७०,००० असे तीन आकडे मिळाले. खरा कोणता? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तिन्ही लिहा, पण प्रत्येकापुढे तो कोणी, कधी आणि कुठून लिहिला हेही लिहा. बखर वाचताना आपण हेच पाहतो.

१०,००० हा आकडा क्रुसेडबरोबर आलेल्या शार्त्रच्या फुलचर या धर्मगुरूचा. त्या दिवशी तो दूर उत्तरेला एडेसा शहराकडे होता. जेरुसलेमला पोहोचला त्या वर्षाच्या अखेरीस. ७०,०००हून अधिक म्हणणारा अरबी इतिहासकार इब्न अल-अथीर जन्मलाच ११६०मध्ये. ३,००० सांगणारा अबू बक्र इब्न अल-अरबी हा अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधला) विद्वान हल्ल्याच्या काही वर्षं आधी जेरुसलेममध्ये राहून गेला होता. तिघांपैकी कोणीही कत्तल डोळ्यांनी पाहिलेली नाही. शिवाय तिन्ही आकडे जेरुसलेममधल्या अल-अक्सा मशिदीपुरते आहेत (फुलचर तिला ‘सॉलोमनचं मंदिर’ म्हणतो). ते अख्ख्या शहराचे म्हणून वाचले जातात, आणि तिथेच तक्ता चुकतो.

संख्या फुगवण्याची गरज दोन्हीकडे होती, हे मंडळात जरूर सांगा. आगिलेरचा रेमंड हा क्रुसेडच्या सैन्याबरोबर असलेला धर्मगुरू. घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त पोहोचल्याचं तो लिहितो. ते शब्द बायबलातल्या प्रकटीकरण १४:२०चे आहेत, मोजमाप नव्हे. त्याच्या लेखी हा देवाचा न्याय होता, म्हणून कत्तल जितकी मोठी तितका विजय पवित्र. इब्न अल-अथीर तोच विध्वंस मोठा करतो तो मुस्लिम सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्यासाठी. निर्वासित बगदादला गेले, लोक रडले, आणि सुलतानांच्या आपसातल्या भांडणामुळे मदत निघालीच नाही, असं तो पुढे लगेच सांगतो.

म्हणून आकड्यापेक्षा भक्कम पुरावा आधी घ्या. दाविदाच्या बुरुजातल्या (शहराच्या बालेकिल्ल्यातल्या) मुस्लिम शिबंदीला क्रुसेडचा एक सेनानी, तुलूजचा रेमंड (हा वेगळा रेमंड), याने अभय दिलं आणि ती किनाऱ्यावरच्या अस्कलान शहरात गेली, हे लॅटिन आणि अरबी दोन्ही लेखक सांगतात. कैरोच्या गेनिझा या जुन्या ज्यू कागदपत्रांच्या संग्रहातली ज्यू समाजाची पत्रं तर घटनेच्या अगदी जवळची: कैदी आणि धर्मग्रंथ सोडवण्यासाठी अस्कलानमध्ये पैसे जमवल्याचा हिशेब त्यांत आहे. म्हणजे कत्तल भयंकर झाली, तरी शहरातला प्रत्येक माणूस मारला गेला नाही. तक्त्यावर हे वाक्य ठळक अक्षरांत येऊ द्या.

प्रश्न : तेव्हा सगळे मुस्लिम एका बाजूला होते का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : नाही. कैरोच्या शिया फातिमी राज्यकर्त्यांनी १०९८मध्येच जेरुसलेम सुन्नी अर्तुकी तुर्कांकडून घेतलं होतं. ११४०मध्ये दमास्कसच्या मुस्लिम सत्तेने मोसुलचा मुस्लिम सत्ताधीश झंगी याच्याविरुद्ध जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याशी युती केली. त्याच दमास्कसला दुसऱ्या क्रुसेडने जुलै ११४८मध्ये वेढा घातला आणि पाच दिवसांत तो उठवावा लागला. ख्रिस्ती बाजूही एकसंध नव्हती: १२०४मध्ये चौथ्या क्रुसेडने लुटलं ते ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपल. तक्त्यात दोनच रकाने आखले, तर यातलं काहीच कुठे बसणार नाही. कैरो, दमास्कस, मोसुल, जेरुसलेम, कॉन्स्टँटिनोपल असे शहरवार रकाने करा.