शेवटची चाळीस पाने

‘पुस्तकातल्या पात्रासाठी मोठ्या माणसाने आठवडाभर रडावे, हे बरे लक्षण आहे का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला अधूनमधून विचारला जातो, आणि बहुधा तो रडणाऱ्याचा नसून घरच्यांचा असतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी दिवाणजी असलेले एक गृहस्थ (ओळख बदलली आहे) असेच पत्नीच्या आग्रहामुळे आले होते. शाळेत असल्यापासून वाचत आलेल्या अद्भुतरम्य कादंबरीमालिकेच्या नव्या भागात नायकाला घडवणारा म्हातारा गुरू मारला गेला होता, आणि तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

पिशवीतून त्यांनी ते पुस्तक काढले. खाकी कव्हर, पानांच्या कडांना हळदीच्या बोटांचे ठसे; एका पानापाशी ते ठसे थांबले होते आणि पुढची चाळीसेक पाने स्वच्छ होती.

मी सवयीने या दुःखाखाली दडलेले दुसरे दुःख शोधू लागले. वडील? एखादे शिक्षक? “मॅडम, वडील ठणठणीत आहेत, रोज विश्रामबागेपर्यंत चालत जातात,” ते काहीसे वैतागून म्हणाले, “मला त्या म्हाताऱ्याचंच वाईट वाटतंय.” आमच्या व्यवसायाची ही खोडच आहे, समोरचा जे सांगतो, त्यावर आमचा चटकन विश्वास बसत नाही.

भोवतालचे लोक ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, अशा शोकाची मांडणी शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. या गृहस्थांना गुरूच्या मृत्यूइतकीच घरातली थट्टा लागली होती. त्यांच्या पत्नीला मी सांगितले की, १८९३ मध्ये डॉइल यांनी शेरलॉक होम्सला कथेत मारले, तेव्हा लंडनचे वाचकही असेच हळहळले आणि चिडले होते. झोप आणि काम सुरळीत असल्याने औषधांचा प्रश्न नव्हता. मात्र उदासी, निद्रानाश आणि अन्नावरची वासना उडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असते, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवले असते.

तो प्रसंग त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचला. दोनदा अडखळले, पाणी प्यायले, पुन्हा वाचू लागले. उरलेली पाने त्यांनी पुढच्या रविवारी घरी संपवली. तिसऱ्या भेटीला पत्नी आल्या, त्या मालिकेचा पहिला भाग पर्समध्ये घेऊनच, आणि मला आधीच बजावले, “पुढं कोण मरतं ते माझ्यासमोर बोलू नका.”